नटावरचे ओरखडे

याकोब मिस्त्री गेल्याचं मला श्रीरामपूरच्या दूध केंद्राच्या दारात कळलं. पिकअप चालू होती, दुधाचे कॅन उतरत होते, आणि ओळखीचा एक ट्रक ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "तुमचे मिस्त्री गेले की. सकाळी च्या पिले, भिंतीला टेकले, ते टेकलेच." मी इंजिन बंद केलं नाही. ते आपलं शांत चालत होतं, न अडखळता, आणि खरं सांगतो, मला आधी रागच आला. अडीच वर्षं एक वाक्य या माणसासमोर, चारचौघांत बोलायचं राहिलं होतं. आज बोलू, उद्या बोलू... आणि हा माणूस चहा पिऊन खुशाल निघून गेला.

त्याच दिवशी संध्याकाळी माती झाली. चर्चच्या आवारात तालुक्यातले निम्मे ड्रायव्हर उभे होते. माती देऊन झाल्यावर मागं रेंगाळलेल्यांत बोलणं निघालं, तसा तोच ट्रकवाला म्हणाला, "मिस्त्रीनं हात लावला आन् इंजिन बोललं न्हाई, असं कदी झालं न्हाई. फकस्त या बीएस्सीच्या पिकअपनं म्हाताऱ्याला आठ दिवस झुलवलं." सगळे मायेनंच हसले. मीही हसलो. ते हसणं अजून सलतंय, म्हणून पेपरच्या पुरवणीत हे लिहितोय.

मिस्त्रींची शेड स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर होती. चार खांब, वर पत्रा, एका बाजूला पाण्याचं पिंप आणि पिंपाशेजारी करवंटीत साबण. तिथं घाईत गेलेला माणूस वेडा व्हायचा. गाडी नेऊन उभी करावी, तर हे टायरवर बसून राहणार. बॉनेट उघडणार नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगणार, चहा मागवणार आणि चौकशी सुरू. "कदीपास्नं हाय? गार असताना करती का तापल्यावर? कुनी काय खोललं हुतं का?" प्रत्येक गाडीला हेच तीन प्रश्न, त्याच क्रमानं. मी एकदा म्हटलं, "अहो मिस्त्री, बॉनेट तर उघडा." तर म्हणाले, "थांब की बीएस्सी. ती बोलतीया ना, मधी नको बोलू."

बीएस्सी हे नाव मीच त्यांना पहिल्या भेटीत पुरवलं होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. वडील सहीच्या जागी अंगठा उठवतात. माझा पदवीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून श्रीरामपूरला नेला आणि चौकट करून आणली. पुढं काच, मागं जाड पुठ्ठा. ती चौकट समोरच्या भिंतीवर, दारातून आत येणाऱ्याला पहिली दिसेल अशी लागली. नोकरी काही लागली नाही. मग लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी पिकअप घेतली आणि देवळाली प्रवरेच्या पुढच्या सहा वस्त्यांवरचं दूध केंद्रावर न्यायचं काम धरलं. त्या साली पाऊस नव्हता. शेतं मोकळी पडली होती आणि घराघरात चालू होतं ते एवढं दूधच.

पिकअपचा सेल्फ मेलेला होता. त्यामुळं पहाटे एकदा हँडल मारून सुरू केली की शेवटपर्यंत बंद करायची नाही. प्रत्येक वस्तीवर ती स्लोवर उभी राहिली पाहिजे, म्हणजे रेस न देता, आपली आपण चालू. कॅन चढवायचे, पुढं निघायचं. स्लोवर राहिली नाही तर तापल्या इंजिनाला हँडल मारत बसा. वर ऊन चढतं, कॅनमधलं दूध नासतं, आणि केंद्रावरचा माणूस झाकण उघडून नाक मुरडतो.

आणि एके दिवशी ती राहीनाशी झाली. पहाटे घरापुढं अशी चालायची की बघत राहावं. पहिली वस्ती, दुसरी वस्ती, काही नाही. तिसऱ्या वस्तीवर आचके द्यायला लागायची आणि चौथीवर मान टाकायची. मी स्लोचा स्क्रू आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. चौथ्या वस्तीवरच्या धोंडूतात्यांनी विचारलं, "काय पिळतोयस रं तिचा कान?" त्या दिवशी निम्मं दूध परत आलं. तात्यांनी सरळ सांगितलं, "आजून दोनदा बघू. मंग दुसरी गाडी लावू. तुझ्या कागदावर दूध टिकत न्हाई बाबा."

मी मिस्त्रींकडं गेलो. टायर, चहा, तीन प्रश्न. "कुनी काय खोललं हुतं का?"

"नाही," मी म्हणालो.

खोललं होतं. चारच दिवसांपूर्वी, मीच. कॉलेजच्या गावातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, त्यात कार्बोरेटर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा नि पेट्रोल मिसळणारा भाग, साफ करायची रीत चित्रांसकट दिली होती. वडिलांनी दोन शेजारी बोलावून खाटेवर बसवले होते, पोरगा पुस्तक वाचून इंजिन कसं खोलतो ते बघायला. साफसफाई झाली. पण कार्बोरेटर इंजिनाला जिथं बसतो तिथलं पॅकिंग, म्हणजे दोन लोखंडांच्या मधला तो कागदी पुठ्ठा, निघताना फाटला. आता शेजाऱ्यांसमोर थांबायचं कसं? पेट्रोलची टाकी गळायला लागली की आमच्याकडचे ड्रायव्हर तिच्यावर धुण्याचा पिवळा साबण घासतात, ते मला ठाऊक होतं. मी आईच्या धुण्याच्या दगडावरचा साबण आणला, मऊ केला, फाटक्या पॅकिंगच्या जागी भरला आणि नट आवळले. गाडी सुरू झाली. शेजारी उठून गेले. वडिलांनी रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मिस्त्रींनी माझं "नाही" ऐकलं, मान डोलवली आणि कामाला लागले. रोज फेरी उरकून मी गाडी शेडवर सोडायचो, आणि तिथं उभ्या जागी इंजिन गुपचूप चालायचं, गार असताना आणि जरा तापवल्यावरही. प्लग बघितले. पॉइंट घासले. टॅपेट मोजले. पेट्रोलची नळी काढून फुंकली. माझा जीव चिडून अर्धा झाला. "मिस्त्री, अजून किती?" "बीएस्सी, काय सापडंना बाबा." एकेक दिवस जात होता. मधल्या दिवसांत गाडी मी तशीच, वाटेत हँडल मारत पळवत होतो, तरी दूध दुसऱ्यांदा परत आलं. वस्त्यांवर बोललं जाऊ लागलं की याकोबचं वय झालं, कान गेला. कुणीतरी ट्रक दुसरीकडं नेला. हे सगळं मला दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडायचो, आणि भिंतीवरची चौकट डोळ्यांपुढं यायची.

आठव्या दिवशी ते म्हणाले, "हितं बसून भागायचं न्हाई. मी येतो फेरीला." पहाटे माझ्या शेजारी बसले. तीन वस्त्या कान इंजिनाकडं लावून होते. चौथ्या वस्तीवर पिकअपनं आचका दिला तसे उतरले, बॉनेट वर केलं, खांद्यावरचं फडकं तिथल्या गुरांच्या हौदात बुडवलं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, बरोबर सांध्यावर गुंडाळलं. इंजिन तत्क्षणी शांत झालं. फडकं काढलं की आचके, लावलं की शांत. इंजिन तापलं की तो सांधा ढिला पडून हवा आत ओढत होता. मग त्यांनी ते फडकं तिथंच जरा चोळलं... आणि फेस आला. पांढरा, भरघोस, कपडे धुताना येतो तसा फेस, चालू इंजिनावर.

धोंडूतात्या कॅन घेऊन दहा पावलांवर उभे होते. "काय सापडलं का मिस्त्री?"

मिस्त्रींनी फडकं पिळलं. माझ्याकडं बघितलंही नाही. "सापडलं. पॅकिंग गेलंया. माज्याच आदी ध्येनात यायला पायजे हुतं. म्हातारा झालो."

मी तात्यांच्या हातातला कॅन घेतला आणि गाडीत चढवला.

फेरी अर्ध्यावर होती आणि पॅकिंग तर तिथल्या तिथं पाहिजे. आडवाटेनं आमचं घर जवळच; ओलं फडकं गुंडाळूनच गाडी तिथवर नेली. मिस्त्री घरात आले, समोरची भिंत बघितली आणि चौकट खाली उतरवली. वडील धावले. मिस्त्री म्हणाले, "कागुद तुमचा तुमाला ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. मला मागलं पायजे." पुठ्ठा काढून सोलून पातळ केला, सांध्यावर दाबून ठसा घेतला, आईच्या कात्रीनं कापला, तेल लावून बसवला. सगळं मिळून अर्धा तास. दूध त्या दिवशी वेळेत पोचलं आणि वस्त्या माझ्याकडंच राहिल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघंच होतो. मी म्हटलं, "मिस्त्री, ते..." ते समोर बघत म्हणाले, "नटावर पान्ह्याचे ताजे वरखाडे हुते. पयल्याच दिशी दिसले मला. पर तू न्हाई म्हनलास. म्हनलं, शिकलेला मानूस हाय, खोटं कशापायी बोलंल? डोळ्यांनीच काय चुकीचं बगितलं आसंल."

मला अजूनही त्या माणसाचा संताप येतो. चाळीस वर्षं इंजिनं उघडणारे तुम्ही, स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्यावर कशाला विश्वास ठेवलात? आणि ठेवलात तर ठेवलात, नंतर तात्यांसमोर मला दोन शिव्या का नाही घातल्या? त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर कधीही आमच्या घरी आले की दारातूनच, चेहरा अगदी साधा ठेवून, आईला विचारायचे, "वहिनी, हात धुवायला साबन हाय का शिल्लक, का ल्योकानं समदा गाडीला लावला?" आई हसायची. तिला ती थट्टाच वाटायची. मी आत निघून जायचो.

गेल्या आठवड्यात शेडवर गेलो. मार्थामावशी, मिस्त्रींच्या पत्नी, हत्यारं पुसून एका खोक्यात ठेवत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात क्षणभरही थांबला नाही. म्हणाल्या, "आट दिवस जेवले न्हाईत धड. कान गेला आपला, म्हनायचे." मग पान्हा खोक्यात ठेवून म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस? ज्यांच्यात हसलास त्यांच्यात सांग."

ते ड्रायव्हर चहाच्या टपरीवर पेपरची ही पुरवणी मोठ्यानं वाचून घेतात, हे मला माहीत आहे. तर ऐका. मिस्त्रींचा कान गेला नव्हता. ती गाडी त्यांना हरली नव्हती. कार्बोरेटर मी खोलला होता, साबण मी भरला होता, आणि त्यांनी विचारल्यावर नाही म्हणणारा मीच होतो.

चौकट अजून भिंतीवर आहे. पाठीमागं पुठ्ठा नाही, त्यामुळं दारातून वारा आला की कागद काचेवर फडफडतो. वडील म्हणतात, नवा पुठ्ठा घालून आण. मी नाही आणणार. तो पुठ्ठा रोज पहाटे सहा वस्त्या फिरतो आणि चौथ्या वस्तीवर, तात्या कॅन चढवेपर्यंत, गाडी स्लोवर उभी राहते.