आखाजीच्या म्हणीचा माग

जळगावच्या स्टँडवर सकाळीच धुळ्याची एसटी धरली. खानदेशी म्हणींचं माझं पुस्तक छापखान्यात होतं आणि त्याच संध्याकाळी शेवटचा फर्मा (सोळा पानांचा ताव) यंत्रावर चढणार होता. आदल्याच दिवशी ज्यांना कच्ची पानं वाचायला पाठवली होती, त्या धुळ्याकडच्या एका मास्तरांचं कार्ड आलं: 'आखाजीच्या म्हणीचे शब्द चुकलेत. ती बाई अजून हयात आहे, भेटा.'

पाहुणा जास्तच रेंगाळला की आमच्याकडे एका बाईच्या आखाजीचं (अक्षय्यतृतीयेचं) नाव घेऊन हसतात. सणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही, अशी ती गोष्ट. शेवटच्या फर्म्यात त्या म्हणीखाली मी टीप ठोकून दिली होती, 'कामचुकार सुनेवरून'. विचारलं होतं कोणाला? कोणालाच नाही.

पारोळ्याच्या अलीकडे टायर बसला. कंडक्टर लिंबाखाली निवांत विडी ओढत होता आणि मी घड्याळ बघून घामाघूम. दीड तास तिथेच गेला.

धुळ्याहून टेम्पोनं कार्डावरचं खेडं गाठलं. ओट्यावर त्याच बाई, सत्तरीच्या अक्का, शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोन शे भाऊ? पहिले जेवी ल्या."

भरीत झकास होतं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. शेवटी चाचरत म्हणीचं विचारलं.

अक्का हसल्या नाहीत. "माले लेवाले कोनी उनंच नही," त्या म्हणाल्या. (मला न्यायला कोणी आलंच नाही.)

सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीनं परत जायचं नाही, ही इथली रीत. बोलावणं नाही तर पाठवणी नाही, असं वडील म्हणाले. आपणहून येईल म्हणून सासरचे बसून राहिले. पुढे नवऱ्यानं दुसरी केली.

"ते बोल मन्ही मायना शेतस. ती रडी रडी म्हने, लोके हासी हासी म्हनतस."

म्हण अक्कांच्या आईची होती, आणि तिच्या शब्दांत न आलेल्या माणसांचा उल्लेख होता. लोकांनी तेवढाच गाळला होता.

"पुस्तकमा छापतस का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "आज संध्याकाळी," मी म्हणालो.

"मंग माय म्हने तसं लिखा."

धुळ्याच्या पोस्टातून छापखान्याला ट्रंक कॉल लावला, लागला नाही. परतीची एसटी तर बैलगाडीसारखी चालली. जळगावला उतरून रिक्षा पळवली, तोवर फर्मा छापून दोरीवर वाळत होता. "झकास उठलंय," छापखान्याचे मालक म्हणाले. मला रडू आलं.

पुस्तक बांधून आल्यावर आठ दिवस मी घरी डिंक घेऊन प्रत्येक प्रतीत त्या टिपेवर चिठ्ठी चिकटवत बसलो. चिठ्ठीवर अक्कांच्या आईचे पूर्ण शब्द आहेत. कागद मात्र पातळ निघाला. पान उजेडाकडे धरलं, की खालचं 'कामचुकार' अजून वाचता येतं.