सोबत सुटेपर्यंत

दिघीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात केसरला सगळे ‘सोबतवाली’ म्हणत. नवरा तापाने गेला तेव्हा तिची रतन परकर नेसून वाळूत खेळण्याच्या वयाची होती. मासळी सुकवून दोघींचं जेमतेम भागत होतं. अशात एका वर्षी दिवेआगरच्या एका बागायतदाराच्या सुनेला मुंबईला नवऱ्याकडे पोचवायला घरातला कुणी पुरुष मोकळा सापडेना. एकट्या बाईला आगबोटीवर चढवायची रीत नव्हती. कोळ्याची केसर समुद्राला भीत नाही, तिला द्या बरोबर, असं कुणीसं सुचवलं, आणि केसर पहिल्यांदा मुंबईला गेली.

मग ते तिचं कामच झालं. ज्या घरची बाई, त्या घरचं तिकीट. वर पायलीभर तांदूळ नाहीतर एखादा खण. किनाऱ्यावरून नेणाऱ्या पडावातून बोटीवर चढताना कुठला पाय आधी टाकायचा हे ती शिकवी. बोट लागली तर लिंबू हुंगायला देई, सुंठेचा खडा दाताखाली धरायला लावी. पैसे एका गाठीत बांधायचे नाहीत, कठड्याशी बसायचं नाही, गोड बोलणाऱ्याकडून पानसुद्धा घ्यायचं नाही. बागायतदारांच्या सुना तिच्यापासून हातभर अंतर राखून बसत. बोट हलली की तोच हात घट्ट धरत.

भाऊच्या धक्क्यावर उतरलं की माणूस माणसाच्या हाती द्यायचं. नवरा, दीर, भाऊ, जो कुणी न्यायला येई, तो केसरच्या तळव्यावर एक सुपारी ठेवी. सुपारी हातावर पडली की सोबत सुटली. तोवर सोडून जायचं नाही, मग बोट चुको की रात्र होवो. या एका गोष्टीमुळे लोक डोळे मिटून आपल्या लेकीसुना तिच्याबरोबर पाठवत.

सुपारी मिळाली की ती बाई आपल्या माणसांत मिसळून जाई. मागे वळून बघणारी क्वचितच. केसर धक्क्यावर एकटी उरे. पुढे रतन लग्न होऊन माझगावलाच गेली, तेव्हा परतीची बोट सुटेपर्यंत केसर तिच्याकडे जाऊन येऊ लागली. घोटभर चहा होई, चार गोष्टी होत, आणि केसरचं लक्ष भोंग्याकडे लागे. रतनचं पहिलं पोर जन्मतःच गेलं, तेव्हाही केसर अशीच आली आणि अशीच उठली. परतीचं तिकीट दुसऱ्याने काढलेलं होतं.

मग ते एकोणीसशे एकतीस-बत्तीसच्या सुमाराचं वर्ष आलं. नारळ-सुपारीचे भाव पडले आणि बोटीचं भाडं मात्र चढलं. दिघीचे व्यापारी जैनुद्दीनशेठ दर वर्षी आपल्या सुनेला, तैयबाला, केसरबरोबरच पाठवत. केसर विचारायला गेली तर ते पडवीत सुपाऱ्या निवडत बसले होते.

“केसरबाय, भाडं बघितलंस काय झालंय? जायचं एकीनं आणि तिकिटं काढायची तीन. तिचं एक, तुझी जाण्यायेण्याची दोन. यंदा चार घरच्या बाया मिळून पाठवतोय. एकमेकींना सोबत.”

“चार भित्र्या बायांची एक धीट बाय होत न्हाय, शेट.”

“पण तिकिटं तर वाचतात!”

शेठ हसले. केसरही हसली. त्या वर्षी इतर घरांतूनही तिला बोलावणं आलं नाही.

वैशाखात अनंता आला. हा तिचा भाचा, बोटीवर खलाशी. “आत्ये, रतनचे दिवस भरत आलेत. म्हणाली, आयेला सांग, या खेपेला तरी माझ्यासाठी ये.”

“येते म्हणून सांग,” केसर म्हणाली.

म्हणाली खरी, पण बोटीचं तिकीट तिने जन्मात स्वतः काढलं नव्हतं आणि आता तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. नारळ भरलेला एक मचवा मुंबईला निघत होता. मचव्याचा तांडेल तिला थोडक्या पैशांत न्यायला तयार होता. पण अक्षय तृतीया उलटली की वारा बदलतो, मचव्यात पाय ठेवू नका, असं ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लेकींना सांगत आली होती. स्वतःपुरतं ते खोटं कसं करायचं? राहिला पायरस्ता. आगरदांडा, मुरूड, साळाव, रेवदंडा, अलिबाग, आणि रेवसवरून लाँच. पैसे लागणार ते खाड्या उतरायला आणि शेवटच्या लाँचला. फक्त एकट्या बाईने वाटेला लागायचं नाही, हेही तिचंच सांगणं होतं.

तेव्हा तिने आपल्याला येत होतं तेच केलं. दिघीच्या तरीवर, खाडीपार नेणाऱ्या होडीपाशी, उभी राहून विचारू लागली, “कुणाला सोबत पायजे का गो? पैसं नकोत.”

गोदू नावाची नवी सून माहेरी मुरूडला निघाली होती. भाऊ न्यायला आला नाही म्हणून तरीपाशी बसून रडत होती. केसरने तिला मुरूडला नेऊन आईच्या हाती दिलं. आईने सुपारी दिली, पाणी दिलं, आणि लेकीला कुशीत घेऊन आत गेली. केसर ओट्यावर पाणी पीत बसली. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

मुरूडपुढची वाट रानातली. बाजारात कुणी बाई सापडेना. सापडला तो रामचंद्र, डोळ्यांत मोतीबिंदू झालेला म्हातारा. अलिबागच्या सरकारी दवाखान्यात निघाला होता.

“बाप्याला सोबत देतेस का?” तो म्हणाला. “मला वाट दिसत न्हाय, तुला माणूस गावत न्हाय. चल.”

“लोक हसतील, बाबा.”

“हसू देत. मला कुठं दिसतायत?”

मिठाच्या गाड्यांमागून दोघं चालली. रात्री देवळात गाडीवाल्यांच्या बायकांजवळ टेकली. म्हातारा वाटभर बोलत होता. मेलेल्या बायकोबद्दल, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराबद्दल, पुतण्याबद्दल. हा पुतण्या सदा अलिबागला एका पेढीवर कामाला होता आणि दवाखान्यात येऊन त्याला ताब्यात घेणार होता.

दवाखान्यात सदा नव्हता. पेढीवर निरोप पाठवला तर कळलं, तो मालकाच्या कामाने पेणला गेलाय, परवा येईल.

“जा गो तू,” म्हातारा बाकावर बसून म्हणाला. “तुझ्या लेकीचं आधी बघ. आंधळा हाय, तान्हा न्हाय.”

केसरने गाठोडं उचललं. रेवसला जाणारी गाडी नाक्यावर उभी होती, तिच्यात दोन बायकाही होत्या. गाडीवान म्हणाला, बसा. तिने मागे वळून पाहिलं. म्हातारा बाकावर होता तिथेच होता. हाताने चाचपत आपली काठी शोधत होता, आणि काठी त्याच्या पायाशी खाली पडली होती. गाडी निघून गेली. केसर परत आली, काठी उचलून त्याच्या हातात दिली.

“अजून हायेस?” तो म्हणाला.

“सुपारी कुठं मिळालीय?”

सदा आला तो तिसऱ्या दिवशी दुपारी, घाईघाईत. काकांना घेऊन निघालाही. केसर हात पुढे करून उभी.

“काय पाहिजे, बाई? पैसे?”

“सुपारी.”

“कसली सुपारी?”

रामचंद्रनेच आपल्या चंचीतून एक सुपारी काढली, चाचपत पुतण्याच्या मुठीत कोंबली आणि म्हणाला, “ठेव तिच्या हातावर. मुकाट्यानं ठेव.”

रेवसपर्यंत ती एकटीच चालत आली. लाँचच्या फळीवर तिकीटवाल्याने सवयीने विचारलं, “बाय, सोबत कोण?” आजवर हा प्रश्न दुसऱ्यांना होई आणि उत्तर केसर देई. तिने पैसे दिले आणि मध्यावर, कठड्यापासून लांब, जाऊन बसली. आभाळ दक्षिणेकडून काळं होत होतं.

माझगावच्या खोलीत रतनची सासू दाराशीच भेटली. “पोरगी झाली. परवा सांजंला. बरी हायेत दोघी.” मग आवाज उतरवून म्हणाली, “लई दाराकडं बघत व्हती वो. मंग बघायची थांबली.”

रतन भिंतीकडे तोंड करून निजली होती, पोर कुशीत. पावलं ऐकून तिने मान वळवली.

“आलीस? कुणाला पोचवायला आलीस?”

केसरला वाटलं, सगळं सांगावं. गोदूचं, म्हाताऱ्याचं, नाक्यावरच्या गाडीचं. पण तीन दिवस एका परक्या माणसापाशी बसून राहिले, हे या अंथरुणाजवळ कसं सांगायचं?

“कुणाला न्हाय,” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच निघाले व्हते.”

रतन तिच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिली. भेगांत रक्त सुकलं होतं. “परतीची बोट कधी?”

“बोटी बंद व्हतील आता. नारळी पुनवेपर्यंत न्हाय.”

रतनने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. खाली कुणीतरी बालदी आपटली, धक्क्यावरचा भोंगा झाला, आणि सवयीने केसर उठायला गेली. मग खाली बसली.

“ऱ्हा मंग,” रतन भिंतीकडे बघतच म्हणाली.

केसरने गाठोडं सोडलं. लिंबू वाळलं होतं, सुंठेचा एक खडा उरला होता, आणि दोन सुपाऱ्या. ते सगळं तिने कोनाड्यात ठेवलं आणि लेकीच्या पाठीशी, हातभर अंतरावर, बसून राहिली.