कूलरचा करंट

रामाजी कापगते भंडाऱ्याकडून भिलाईला आले, तेव्हा त्यांना नुकतंच मिसरूड फुटलं होतं. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मधलं सगळं आयुष्य सेक्टर ६ च्या क्वार्टरमध्ये गेलं. नोकरीबद्दल ते फारसं बोलत नसत. एका गोष्टीचा मात्र त्यांना ताठा होता. टॅगचा.

प्लांटमध्ये दुरुस्तीला हात घालण्याआधी स्विच पाडायचा आणि त्यावर आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला लटकवायचा. ज्यानं लटकवला त्यानंच काढायचा. दुसरं कोणी हात लावत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. बिल्ला लटकतोय, म्हणजे पुढे कुठेतरी माणूस काम करतो आहे.

ही शिस्त त्यांनी घरीही आणली. मिक्सर उघडला की प्लगवर टॅग. एकदा त्यांच्या बायकोनं, सिंधुताईंनी, तोच टॅग मोरीच्या नळाला अडकवून ठेवला.

"हे काय?"

"तुमच्याच नावाचा आहे ना? भांडे घासून झाले का काढजा."

रामाजींनी भांडी घासली आणि मगच टॅग काढला.

निवृत्तीनंतर स्मृति नगरात लहानसं घर झालं, पण रिकामं बसणं त्यांना जमेना. कुम्हारीच्या पुढे सोलर प्लांट उभा राहत होता. तिथे जुन्या माणसांना घेत होते, ते जाऊन लागले. कंपनीला परदेशातल्या एका विकास बँकेनं कर्ज दिलं होतं. कर्ज हप्त्याहप्त्यानं यायचं. प्रत्येक हप्त्याआधी बँकेची माणसं येऊन बघायची. झाडं किती तोडली, कामगारांना हेल्मेट आहे का, कोणाला इजा झाली का. कामावर अपघात झाला तर चौकशी होईपर्यंत हप्ता थांबायचा.

हा नियम रामाजींना फार आवडला. "परदेशी लोक आहे, पण माणसाची कदर करते," असं त्यांनी घरी सांगितलं.

प्रवीण हटवारला त्यांनीच तिथे चिकटवलं. त्यांच्याच गावाकडचा मुलगा, आयटीआय झालेला, नवंनवं लग्न झालेला. तो त्यांना काका म्हणायचा आणि त्यांच्या टॅगची थट्टा करायचा.

"काका, इथं कोणी टॅग-बिग पाहत नाही. रायपूरचे पोट्टे आहे सारे."

"एवढ्या मोठ्या कारखान्यात चालते, तर इथं कावून नाही चालणार?"

खरोखरच त्यांना तसं वाटत होतं. टॅगला हात न लावणं ही त्यांच्या लेखी प्लांटची रीत नव्हतीच. ती माणसाची रीत होती.

बँकेची मंडळी येणार होती त्या दिवशी एका केबलमध्ये बिघाड निघाला. रामाजींनी वरच्या जंक्शन बॉक्समधला स्विच पाडला आणि टॅग लटकवला. दोघं पॅनेलच्या रांगांमधून खाली उतरले. केबल उघडली.

"घाल हात," रामाजी म्हणाले. "माहा टॅग आहे."

गेटवर मोठा बोर्ड होता. त्यावर किती वीज तयार होते आहे, ते आकडे पळत असायचे. आज एक रांग वीज देत नव्हती आणि पाहुणे रस्त्यात होते. ऋषभ नावाचा तरुण इंजिनिअर धावत वर गेला. स्विच पडलेला दिसला. त्यावर पत्र्याचा एक तुकडा लोंबत होता. सकाळपासून सगळीकडचा कचरा काढणं चालूच होतं. त्यानं तो तुकडा काढून खिशात टाकला. एकदा हाक मारली. मग स्विच वर केला.

ऊन डोक्यावर होतं. प्रवीणचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

पाहुण्यांना त्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं फिरवलं. ऋषभ दवाखान्याच्या जिन्यात बसून होता. "मैंने आवाज़ दी थी, काका," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. संध्याकाळी मोठे मॅनेजर फळं घेऊन आले. ते प्रवीणशी बराच वेळ एकटेच बोलले.

ते गेल्यावर प्रवीणनं रामाजींना जवळ बोलावलं.

"काका, कोणी विचारलं तं सांगजा, घरच्या कूलरचा करंट लागला."

"कावून?"

"गेटवर नोकरी देऊन राहिले. कायमची. साइटवरचं निघालं तं हप्ता थांबते, काम थांबते. मंग मले कोण पोसते?"

वंदना, त्याची बायको, पलंगाच्या पायाशी उभी होती. ती रामाजींकडे बघत राहिली. रामाजींनी तिला काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात बँकेकडून एक बाई साइटवर आल्या. कोणाला तरी लागलं आहे, अशी कुणकुण त्यांच्या कानावर गेली होती. मीनल त्यांचं नाव. रायपूरच्या जुन्या मराठी घरातल्या, आता दिल्लीला असायच्या. त्यांनी सोबत आलेल्या ऋषभला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची रामाजींच्या जवळ ओढली.

"काका, आपण मराठीत बोलू. तुमचं नाव मी कुठेही सांगणार नाही. हात कशानं गेला?"

बाहेर कोणी कान लावून नव्हतं. दुभाषा नव्हता. बाईंना घाई नव्हती. रामाजींनी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावरही त्या थांबून होत्या.

"कूलरनं," रामाजी म्हणाले. "घरच्या."

"कूलरनं एवढं भाजतं?"

"अर्थिंग नसते जी लोकांच्या घरी."

बाईंनी मान हलवली. जाताना आपला नंबर दिला. नंतर कळलं, त्यांनी अहवालात एक चांगली सूचना केली होती. कामगारांना घरच्या वायरिंगचं प्रशिक्षण द्यावं. ते द्यायला कंपनीनं रामाजींनाच उभं केलं. नव्या हेल्मेटातल्या पोरांसमोर त्यांनी कूलरला अर्थिंग कशी द्यायची ते सांगितलं. आता गेटवर लागलेला प्रवीण मागच्या बाकावर बसून ऐकत होता.

हप्ता आला. मग शेवटचाही आला. प्लांट पूर्ण झाला, फीत कापली गेली. गेटचं काम नव्या सिक्युरिटी एजन्सीकडे गेलं. एजन्सीला धडधाकट माणूस हवा होता. प्रवीण ऑफिसात गेला, तर मॅनेजर बदललेले. नवे म्हणाले, तुझा हात तर घरी गेला, त्यात कंपनीचा काय संबंध.

रामाजींनी मीनलबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. टॅग, ऋषभ, दवाखाना.

मीनलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, मी तुम्हाला एकट्याला विचारलं होतं."

"हो जी."

"तक्रार घेते मी. पण ज्याचा हात गेला, त्यानं स्वतः सांगायला हवं. आमची माणसं त्याला फोन करतील."

फोन येणार त्या दिवशी रामाजी प्रवीणकडे जाऊन बसले. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. वंदनानं चहा ठेवला. फोन वाजला. प्रवीणनं डाव्या हातानं उचलला आणि स्पीकरवर टाकला. एका मुलीनं अदबशीर हिंदीत विचारलं, आपके साथ हादसा कहाँ हुआ था?

"घर पे," प्रवीण म्हणाला. "कूलर से."

तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तिनं धन्यवाद म्हटलं.

"अरे, असं कावून केलं?" रामाजींचा आवाज चढला.

"काल कंपनीचा माणूस आला होता. बेमेतऱ्याकडे दुसरा प्लांट होऊन राहिला. याच बँकेचा पैसा. तिथं गेटवर घेतो म्हणे."

"आन् तुले खरं वाटते?"

प्रवीण फोनचा चार्जर एका हातानं भिंतीत खोचू लागला. रामाजी मदतीला उठले. तेव्हा वंदना मधे आली. तिनं चार्जर प्रवीणच्या हातातून घेतला, नीट लावला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या, काका. बाईनं विचारलं तवा हे दवाखान्यात पडून होते. खरं सांगाले तुमी तं उभे होते."

रामाजींनी चपला घातल्या. चहा तसाच राहिला होता. तो घ्या, असं कोणी म्हटलं नाही.