बसथांबा आणि गादीची खुर्ची

माझा धंदा न्हाव्याचा, आणि जीभ कात्रीहून धारदार, असा माझा समज. गळ्यावर वस्तरा असला की गिऱ्हाईक वाद घालत नाही, त्यामुळे माझं भाषण कधी कुणी खोडलंच नाही. 'ते लोक' म्हणजे सरकार आणि 'आपण' म्हणजे बिचारी जनता, एवढ्या भांडवलावर मी जन्मभर दुकान चालवलं.

दुकानासमोरचा बसथांबा चढापलीकडच्या चौकात हलवायचं निघालं, तशी आक्का घाबरली. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याकडेच राहते. गुडघे कामातून गेलेत, तरी समोरून बस पकडून रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जाते. थांबा गेला की तिची नोकरी गेली. पालिकेने रहिवाशांचा एक प्रतिनिधी मागितला आणि गल्लीने मला पुढे ढकललं. आक्का म्हणाली, "आपला माणूस आत असलेला बरा."

बैठक त्याच चौकात, पालिकेच्या कार्यालयात होती. खुर्चीला गादी, पुढ्यात माझ्या नावाची पाटी, चहा कपबशीत! साहेबांनी नकाशा उलगडला, वाहतुकीची कोंडी समजावली आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

अहो, घरात भाजी कुठली करायची हेही मला कुणी विचारत नाही. मी पार विरघळलो. "रास्त आहे साहेब," म्हणालो.

घरी परतलो तेव्हा आक्का दारातच उभी होती. "काय ठरलं रे?"

मी ऐटीत पाय पसरले. "अगं, आम्ही विचार करतोय. अशा गोष्टींना वेळ लागतो."

"आम्ही?" ती बघतच राहिली. "सकाळी तर 'आपण' होतं."

मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण ती आत निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

निर्णयाच्या बैठकीला ती हट्टाने माझ्याबरोबर आली. चढावर ती किती वेळा कठडा धरून उभी राहिली, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. पोचलो तेव्हा बैठक सुरू झाली होती. मी तिला माझ्या गादीवर बसवलं आणि मागे उभा राहिलो.

साहेबांनी आधी पाटी वाचली, मग तिच्याकडे बघून अदबीने विचारलं, "आपण कोण?"

आक्का गुडघा चोळत म्हणाली, "तेच मी याला विचारायला आलेय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आज वस्तऱ्याखालची मान माझी होती. मी घसा खाकरला.

"साहेब, मागच्या वेळी मी रास्त म्हणालो, ते चहाला. थांबा आपल्याला आहे तिथेच हवा."