दुसरी किल्ली

मेहुण्याने भाड्याने द्यायला घर घेतलं आणि सल्ला विचारायला तो थेट तपासनीसांकडे आला. तपासनीस म्हणजे बसमध्ये तिकिटं तपासण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी त्यांना त्याच नावाने ओळखायचे. घरमालकीचा अनुभव जेमतेम दीड वर्षाचा, पण बोलणं असं की शहरातल्या निम्म्या इमारती यांच्याच!

"पहिली गोष्ट," त्यांनी बोट वर केलं, "भाडेकरू नीट पारखून घे."

"आणि बाथरूमची गोष्ट?" आतून बायको म्हणाली. "ती पण सांगा की माझ्या भावाला."

बोट खाली आलं. आता सांगणं भागच होतं.

निवृत्तीची सगळी पुंजी घालून घेतलेलं घर पाच महिने रिकामं पडलं होतं. तपासनीसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग एक नर्सबाई राहायला आल्या. एकट्या, शांत, टापटिपीच्या. दुसरा कुणी स्वस्थ बसला असता. पण यांची खोड जुनी, न कळवता अचानक चढायचं. बाईंनी नळ गळतोय असं कळवलं मात्र, दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे जवळच्या दुसऱ्या किल्लीने दार उघडून सरळ आत. बेल वाजवून कधी कुठला तपासनीस बसमध्ये चढलाय?

बाई रात्रपाळी करून झोपल्या होत्या. हे नळाशी झटापट करत असताना बाथरूमला बाहेरून कडी लागली.

"कोण आहे आत? पोलिसांना फोन करतेय मी!"

"अहो, मी घरमालक! घाईत होतो... लक्षातच आलं नाही... पहिलीच वेळ आहे हो!"

बोलता बोलता तपासनीस चपापले. विनातिकीट सापडलेले लोक अगदी हेच म्हणायचे, याच क्रमाने. ते पालथ्या बादलीवर मटकन बसले.

आवाज ओळखून बाईंनी कडी काढली. त्यांच्या हातात लाटणं होतं.

"एकटी राहते मी, काका. आता इथे झोप लागायची नाही मला. महिनाअखेर घर सोडते."

तपासनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी जुडग्यातली किल्ली काढून बाईंपुढे धरली. "ही ठेवा. उद्या कुलूपही बदलून देतो. माणूस बेल वाजवून येईल."

बाईंनी किल्ली घेतली. "नळ तरी झाला का?"

"नाही. मला नळातलं काही कळत नाही."

तपासनीसांनी गोष्ट इथेच संपवली.

"मग गेल्या का त्या, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"राहिल्या. पहिलीच वेळ म्हणून मला माफ केलं त्यांनी." तपासनीस जमिनीकडे बघत म्हणाले, "मी तीस वर्षांत एकालाही केलं नव्हतं."