वन्संचा लाल अंगठा

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पोटात राहायला नको. माझी नणंद मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, ही बाई जॅम चोरून खाते. तोही अंगठ्याने!

हसताय काय? तुम्ही असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं. आमचे हे मला घरच्यांना भेटवायला घेऊन गेले होते. दार उघडलं ते एका उंच, किडकिडीत बाईने. डाव्या हाताने. उजवा हात मागे लपवलेला. मी मुद्दाम वाकून बघितलं तर अंगठा लालभडक. घरात आंबूस वास. आणि प्रत्येक खिडकीत काचेच्या पेल्यांवर कांदे बसवलेले, खाली पाण्यात त्यांच्या पांढऱ्या दाढ्या लोंबतायत. घरी जाऊन आईला सांगितलं, "मुलगा सोन्यासारखा आहे गं. पण मोठी बहीण चोरखाऊ आहे, आणि चिक्कूही. कोंब फुटले तरी कांदे टाकत नाही."

ते कांदे नव्हते. टेकडीवर निळी फुलं येणाऱ्या एका झाडाचे कंद होते ते. लाल रंग जॅमचा नव्हता. आणि चिक्कू म्हणाल तर त्या बाईने पुढे मला स्वतःची खोली दिली आणि आपण सूक्ष्मदर्शक घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या बोळकांडीत राहायला गेली. म्हणजे बघा, किती चुकले मी.

वन्सं पेशी बघायच्या. हाच त्यांचा धंदा, नोकरी आणि चैन. प्रत्येक जिवाच्या पेशीत म्हणे बारीक दोऱ्यांसारखी गुणसूत्रं असतात, आणि आईबापांचं जे काही पोरांत उतरतं ते त्यांच्यावर बसून येतं. म्हणजे आमच्या ह्यांचं फताडं नाक माझ्या लेकीच्या तोंडावर ज्या गाडीने आलं ती गाडी. मी विचारलं होतं, "वन्सं, ती गाडी वाटेत अडवता येत नाही का हो?" त्या म्हणाल्या, "अडवायचं नंतर बघू. आधी डबे किती ते तर मोजू दे."

मोजायचे कसे, तर सकाळी बरोबर अकराला मुळांची टोकं कापायची. त्या वेळी त्या झाडाच्या पेशी दुभंगत असतात म्हणे. मग ती टोकं आंबूस वासाच्या लाल रंगात जराशी गरम करायची, काचेवर ठेवायची, वर दुसरी पातळ काच, वर टीपकागद, आणि त्यावर अंगठा. बस्स. अंगठा हलला तर सगळं फिसकटलं. हलका पडला तर गुंता तसाच. जोरात पडला तर काच तडकली. वन्संच्या आधी त्यांच्या विभागात सगळे मुळांच्या पातळ चकत्या कापून बघायचे. पेशी अख्खी दाबून पसरवायची, हे तिथे पहिल्यांदा वन्संनी सुरू केलं. लोक हसायचे. "बाई पापड लाटतायत," म्हणायचे.

आणि ते अकरा! आमचं लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. वन्सं साक्षीदार. साहेबांनी पेन पुढे केलं आणि बघतो तर साक्षीदार गायब! ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अकराला दहा कमी. आम्ही सगळी वीस-पंचवीस माणसं तिष्ठत बसलो. बाराच्या सुमारास वन्सं आल्या, कात्री अजून हातात. साहेब म्हणाले, "बाई, सही करताय की फीत कापताय?"

"मुळं थांबत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही थांबलात. उपकार झाले."

तर सांगत होते ते निळ्या फुलांच्या कंदाचं. त्याची गुणसूत्रं सोळा, असं वन्संच्या सरांनी तीस वर्षांपूर्वी पुस्तकात लिहून ठेवलं होतं. साधेसुधे सर नव्हेत हो. वन्संना घरून शिकू देत नव्हते तेव्हा सासऱ्यांच्या दारात येऊन दोन तास ठाण मांडून बसले होते. "मुलगी द्या, नाहीतर मी उठत नाही," म्हणे. सासऱ्यांना आधी वाटलं, लग्नाची मागणी आहे! असे सर. आणि वन्संना मोजताना दर वेळी यायची चौदा.

सहा वर्षं मोजली. चौदा. वर्षभर तर घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही. मला सुगावा लागला तो त्यांच्या जेवणावरून. ताटात शेंगदाणे वाढले तर त्या चौदा बाजूला काढायच्या, बघत बसायच्या, आणि उठून जायच्या. शेवटी लेख लिहून मासिकाला पाठवला. उत्तर आलं: पुस्तकातल्या आकड्याविरुद्ध आहे, तेव्हा तुमच्या सरांनी स्वतः काचेतून बघून मान्य केलं, तरच छापू. नाहीतर नाही.

वन्सं ते पत्र घेऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. "टकळे," मला म्हणाल्या. माझं तोंड सतत चालू म्हणून हे त्यांनी ठेवलेलं नाव. "त्यांनी नाही म्हटलं तर माझी सहा वर्षं गेली. आणि हो म्हटलं तर त्यांची तीस."

"मग सोळा लिहून टाका. दोनाने काय होतंय?"

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी मुकाट्याने पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं.

सरांचे गुडघे गेलेले, घराबाहेर पडत नसत. मग सूक्ष्मदर्शकच तिकडे न्यायचं ठरलं. टॅक्सीत मी ती पेटी मांडीवर घेऊन बसले, तान्ह्या बाळासारखी. वन्सं काचांचा डबा धरून. वाटभर एक शब्द नाही. मीही गप्प होते, म्हणजे परिस्थिती किती गंभीर होती बघा.

सरांची खोली लहानशी. खाट, खुर्ची, खिडकीशी टेबल, आणि त्यावर जिकडेतिकडे चष्मे. सरांनी आधी मला चहा घ्यायला लावला, मग खुर्ची ओढून डोळा लावला. खूप वेळ बघत होते. ओठ हलत होते.

"सोळा," म्हणाले.

वन्संनी दुसरी काच लावली.

"सोळा. पोरी, दमलीस तू. सहा वर्षं एकच गोष्ट बघितली की माणसाला हवं ते दिसतं."

"हो सर," वन्सं म्हणाल्या. "तीस वर्षं बघितली तरी दिसतं."

माझा कप बशीवर वाजला. वन्संचा चेहरा त्यांच्या अंगठ्यासारखा लाल झाला. असलं काही त्या सरांना आयुष्यात बोलल्या नव्हत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे वळले. "ह्या बाईंना यातलं काही कळतं का?"

"काडीचं नाही," वन्सं म्हणाल्या.

"उत्तम. या, बघा. काय दिसतं ते सांगा. शहाणपण नको."

मी डोळा लावला. आधी आपलीच पापणी दिसली. मग गुलाबी उजेड, आणि त्यात लाल शेंगा पसरलेल्या. "शेंगा आहेत. आणि दोन शेंगांच्या टोकाला लोलक आहेत."

"लोलक?"

"कानातले असतात ना, लोंबते. बारीकशी तार आहे, फिक्की. आणि खाली ठिपका."

मग वन्संनी काचेच्या कडेला रंगाचा आणखी एक थेंब सोडला, थोडं थांबल्या, टीपकागद ठेवला आणि त्यावर अंगठा टेकवला. मी त्यांच्याकडे बघत होते. डोळे मिटलेले. अंगठा दगडासारखा स्थिर.

सरांनी पुन्हा बघितलं. या वेळी ओठ हलले नाहीत. एक चष्मा काढून दुसरा घातला, मग तिसरा.

"तार आहे," ते म्हणाले. "आम्ही चकत्या कापायचो. सुरीखाली ही तुटत असणार, आणि ठिपके सुटे पडून दोन जास्त भरत असणार." थोड्या वेळाने हसायला लागले, अगदी खोकला येईपर्यंत. "तीस वर्षं! तीस वर्षं मी लोलकांना कान म्हणून मोजत होतो!"

वन्सं रडायला लागल्या. सर म्हणाले, "रडतेस काय? जिंकलीस तू."

"म्हणूनच," वन्सं म्हणाल्या.

सरांनी कपाटातून आपलं पुस्तक काढायला लावलं. सोळा खोडलं, बाजूला चौदा लिहिलं. मासिकाला पत्र मला सांगून लिहवून घेतलं, कारण त्यांचा हात कापायचा. आणि वन्संना बजावलं, "लेखात 'पूर्वीच्या काही अभ्यासकांची चूक' असलं गुळमुळीत लिहू नकोस. माझी चूक माझ्या नावावर ठेव. लाडकी आहे ती माझी."

लेख छापून आला. पुढे तो दाबण्याचा अंगठा शिकायला लांबलांबची पोरं आमच्या बोळकांडीत यायची. सर गेले तेव्हा ते पुस्तक त्यांनी वन्संसाठी ठेवलं होतं. खोडलेल्या पानात टीपकागदाचा तुकडा होता, त्या दिवशीचा. लाल अंगठ्याचा ठसा असलेला.

आता वन्सं ब्याऐंशीच्या. अंगठा पांढरा, जीभ तशीच. मागच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी पायऱ्या किती?"

"एकवीस," वन्सं म्हणाल्या.

"बावीस," मी म्हटलं.

"एकवीस."

"अहो, चाळीस वर्षं भाजीच्या पिशव्या घेऊन मी चढतेय. पायऱ्या मला विचारा, पेशी तुम्हाला."

डॉक्टर म्हणाले, "एकीने काय फरक पडतो?" दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेन खाली ठेवलं.

घरी आलो. वन्संच्या एका हाताला काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. एक पायरी, एक श्वास. मी मोठ्याने मोजत होते. जिन्याच्या वळणावर सपाट जागा आहे, तिथे पोचलो तेव्हा अकरा झाल्या. मी एक पाऊल पुढे टाकलं. "बारा."

काठी आडवी आली. "थांब. हे काय मोजलंस?"

"पाय टाकला की मी."

"वर गेला का?"

"पुढे गेला."

"पुढे गेला तर तो रस्ता, पायरी नव्हे. चल, अकरावरून पुढे."

दाराशी आम्ही एकवीसला पोचलो. मी किल्ली शोधण्याचं निमित्त करून पर्समध्ये तोंड घातलं.

"किती झाल्या, टकळे?"

"एकवीस," मी पर्समध्येच पुटपुटले.

"मोठ्याने."

"एकवीस! झालं समाधान?"

"नाही. वहीत लिही. तारीख घाल. चाळीस वर्षं बावीस म्हणत होतीस, तेही लिही, तुझ्या नावावर." गुडघा सुजलेला, धाप लागलेली, आणि चेहरा असा, जणू आत्ताच काचेखाली तार दिसली. "खाली साक्षीदार म्हणून मी सही करते."

"पळून नाही ना जाणार?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "साडेबारा झालेत," म्हणाल्या. "आण वही."