ट्रेस आणि मिरचीच्या दोन रांगा

ज्या फाइलीतून बंद पडलेल्या यंत्राचा ट्रेस वेगळा काढायचा होता, काढलेला ट्रेस ठेवायला मी तिचंच नाव दिलं. संगणकानं आज्ञेप्रमाणे आधी फाइल कोरी केली आणि मग तिच्यात ट्रेस शोधला. कोऱ्या फाइलीत काय सापडणार? वर तक्रारही केली नाही त्यानं.

अनसिंगजवळ माझ्या थोरल्या भावाची, दादाची, मिरचीची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली ट्रे, आणि त्यांच्यावरचे फवारे चालू-बंद करणारं यंत्र माझं. म्हणजे त्यातलं लिनक्स, अगदी कर्नेल या त्याच्या गाभ्यापासून, मी जुळवलेलं. पुण्याची नोकरी घरून करणाऱ्यानं घरच्यांना काहीतरी करून दाखवावं लागतं. दादा-वहिनी मानोऱ्याला लग्नाला गेले त्या दुपारी कर्नेल बसला. फवारे बंद ते बंदच. मी घरी कूलरपुढे, यंत्रावर भरवसा ठेवून. संध्याकाळपर्यंत एका रांगेनं माना टाकल्या. लोकांना शब्द दिलेली रोपं ती.

मरताना कर्नेल आपण शेवटी काय काय करत होतो ते ओकतो, तो ट्रेस. पण यंत्रातून तिथंच ठेवलेल्या लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीवर बाकीची बडबडही चालूच असते: बॅटरी उतरली, नेटवर्क गेलं, नेटवर्क आलं. या सगळ्याची नोंद म्हणजे लॉग. त्यातून ट्रेसच्या तेवढ्या ओळी निवडायला गेलो आणि सगळा लॉगच घालवून बसलो.

दादा झारीनं पाणी घालत होता. मी बराच वेळ ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांभोवती फिरलो. शेवटी सांगून टाकलं की यंत्र पुन्हा मरू द्यावं लागेल, आणि घरी पंख्याखाली ते मरत नाही, इथल्या उकाड्यातच मरतं.

“म्हंजे माह्या रोपायच्या जिवावर?”

मी म्हणालो, मी बसतो ना इथं. बंद पडलं की झारीनं पाणी देतो. त्यानं यंत्रासाठी कडेची एकच रांग दिली.

दादा बियाणं आणायला वाशिमला गेला त्या दुपारी यंत्र मेलं. ट्रेस ओळीओळीनं गळू लागला. या वेळी आधी लॉगच्या प्रती केल्या, नव्या फाइलीला नवं नाव दिलं, बडबड गाळली. समोर निखळ ट्रेस आला, इतका की मी वाचतच बसलो. वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. उन्हानं तापलेली पाण्याची झडप यंत्राला उत्तर द्यायला उशीर करायची, आणि तेवढ्यात कोडातलं एक फंक्शन स्वतःच लावलेलं कुलूप सोडायचं विसरायचं. त्यापुढे सगळं ठप्प. ते फंक्शन मी लिहिलेलं.

भरलेली झारी माझ्या पायाशीच होती.

दादा परतला. रांगेवरून त्यानं हात फिरवला, तर पानं कागदासारखी वाजली. मग त्यानं शांतपणे विचारलं, सापडलं का, कायच्यानं बंद पडते. चूक माझ्याच कोडात आहे, मी म्हणालो.

“हे तं मले पैल्याच दिवशी ठाऊक होतं,” तो म्हणाला. “तुले समजाले माही अजून एक रांग मारली तू.”